दुप्पट भाडे आता नको

१९०१ साली मसूर स्टेशनवर लहानग्या भीमरावांना आणि सोबतच्या मुलांना जातीमुळे बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकायच्या अटीवर मिळाली. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्याने टांगा दिला, पण हाकायला नकार दिला. नवख्या हातात टांगा गेला, बाबासाहेब पुलावर फेकले गेले आणि पाय मोडला. म्हणून वाहन ही आमच्यासाठी चैन नाही, सन्मानाचा प्रश्न आहे.

वस्त्यांमधल्या कामासाठी आम्ही जुनी गाडी घ्यायला निघालो. डीलरकडे पहिला प्रश्न बजेटचा नव्हता. "आडनाव काय? गाव कोणतं?" उत्तर ऐकताच "तुमचं लोन होणार नाही" हेही ठरून गेले. मग आम्ही ऑनलाइन गाडी शोधली. तिथे किंमत सगळ्यांना एकच दिसत होती.

पण मोबाईलची स्क्रीन म्हणजे समतेची हमी नव्हे. ती जात विचारत नाही, तसे गाडीवरचे कर्जही सांगत नाही. आम्ही टोकन देण्याआधी परिवहनच्या साइटवर नंबर टाकला, तेव्हा बँकेचा बोजा दिसला. एनओसी आणि फॉर्म ३५ हाती येईपर्यंत एक रुपया दिला नाही. थकीत चलान पाहिले, ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेले, फॉर्म २९ व ३० भरून आरसी नावावर केली.

मित्रांनो, 'शिका' म्हणजे केवळ पदवी नव्हे. संविधानाइतकीच आरसीही वाचता आली पाहिजे. जातीचे दुप्पट भाडे आपल्या माणसांनी भरले. अज्ञानाचे भाडे आपण का भरावे?

जय भीम!