लांडगिणीची पिले

इसवी सन २००० च्या श्रावणातील ती दुपार. नाशिकरोडच्या आमच्या चाळीत शेजारच्या काकूंकडे ‘नवनाथ भक्तिसारा’चे पारायण चालले होते. माझी नऊ वर्षांची कन्या शाळेच्या वाचनालयातून आणलेले रोमच्या कथांचे पुस्तक घेऊन उंबऱ्यात बसली होती. वाचता वाचता तिने विचारले, “आई, लांडगिणीची स्वतःची पिले कुठे गेली गं?”

कथा वाचकांना ठाऊक असेल. गादी बळकावून बसलेल्या अम्यूलियस राजाने पुतणीची जुळी मुले टायबर नदीत सोडण्याची आज्ञा दिली. पूर ओसरला आणि त्यांची टोपली अंजिराच्या झाडाखाली टेकली. पाण्यावर आलेल्या एका लांडगिणीने रोम्युलस आणि रीमस यांना चाटून स्वच्छ केले, दूध पाजले. सुतारपक्ष्याने चोचीतून घास आणले. जुन्या करारातील मोशेची लव्हाळ्याची पेटी येथे कोणालाही आठवेल. मात्र त्या पेटीवर नजर ठेवण्यास बहीण उभी होती, आणि दूध पाजण्यास सख्खी आईच आली, तीही राजकन्येकडून वेतन घेऊन! टायबरच्या काठी त्या बाळांचे असे कोणीच नव्हते.

कन्येच्या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. “स्वयंपाक राहिला आहे” असे म्हणून आत गेले. प्रश्न मात्र बिनतोड होता. दूध व्यालेल्या मादीलाच येते. रोमन कवी ओव्हिड त्या लांडगिणीला नुकतीच व्यालेली म्हणतो. पण पिलांचे काय झाले, हे सांगण्याचे त्याला कारण वाटले नाही. रोमच्या कॅपिटोलाइन टेकडीवरील संग्रहालयात तिची ब्राँझची मूर्ती आहे. पोप सिक्स्टस चौथे यांनी १४७१ मध्ये ती रोमच्या जनतेला दिली. तिच्या पोटाखालची दोन बाळे मात्र पंधराव्या शतकाच्या अखेरीस घडवून तेथे बसवण्यात आली. तोवर ती भरल्या सडांनी एकटीच उभी होती.

काकूंच्या पोथीत याहून सुखाची कथा निघाली. धुंडीसुत मालू कवीने १८१९ मध्ये पूर्ण केलेल्या त्या ग्रंथात भर्तरीनाथांचा जन्म भिक्षापात्रात होतो. जवळच व्यालेली हरिणी त्या बाळाला आपल्या पाडसांत मिसळून घेते आणि वाढवते. पुढे जयसिंग भाट आणि त्याची पत्नी रेणुका त्याला घरी नेतात. काकूंनी कन्येला ही कथा सांगितली, तेव्हा ती समाधानाने म्हणाली, “म्हणजे हिची पिले होती!”

संत ऑगस्टीन यांनी ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या अठराव्या भागात लांडगिणीचा विचार केला आहे. लॅटिनमध्ये लांडगिणीला आणि वेश्येला एकच शब्द असल्याने, बाळांना पाजणारी खरे तर वेश्याच असावी, असे काही जण मानत, त्याचीही ते नोंद घेतात. तरीही, बाळांना पाण्यात टाकणाऱ्या क्रूर राजाची कानउघाडणी करण्यासाठी देवाने श्वापदाकडून त्यांना दूध पाजवले असल्यास नवल ते काय, असे ते विचारतात. एवढ्या मोठ्या संताशी वाद घालण्याची माझी योग्यता नाही. पण ते राजाकडे पाहत होते आणि माझे लक्ष त्या दुधाकडे होते.

पुष्कळ वर्षांनी डायोनिसियस या ग्रीक इतिहासकाराने दिलेली हकिकत वाचनात आली. लांडगिणीजवळची बाळे उचलून मेंढपाळ फाउस्टुलस घरी आला, तेव्हा त्याची पत्नी बाळंतीण होती. तिचे मूल मृतच जन्मले होते आणि ती शोकात होती. त्याने ती जुळी तिच्या पदरात घातली.

पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिले. आमचे पहिले बाळ १९८९ मध्ये असेच जन्मले होते. दूध आले होते. ते आटवण्यासाठी छाती कापडाने आवळून बांधावी लागली होती. दोन वर्षांनी एका अनाथालयातील धर्मभगिनींनी ही मुलगी माझ्या हाती दिली.

मात्र न्यायालयाच्या कागदावर मी तिची आई नव्हते. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी होता. आपल्याला १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालक होता येई, तेही मूल सज्ञान होईपर्यंत. वारसाहक्क आपोआप मिळत नसल्याने ह्यांनी लगोलग मृत्युपत्र करून ठेवले. २००० च्या बाल न्याय कायद्याने आणि त्यातील २००६ च्या दुरुस्तीने ख्रिस्ती दांपत्यांनाही दत्तकाचा मार्ग मोकळा झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्याला दुजोरा दिला. रोमच्या मेंढपाळाला एवढे कागद लागले नव्हते.

आपण दत्तक आहोत, हे कन्येला लहानपणापासून ठाऊक होते. बाळाविषयी मात्र मी तिला कधी बोलले नव्हते. त्या वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, तिला घेऊन दफनभूमीत गेले. भिंतीलगतची लहानशी जागा दाखवून सांगितले, “तू विचारले होतेस ना?”

तिने बाळाचे नाव विचारले. नाव ठेवलेच नव्हते. पिशवीत आजी-आजोबांसाठी आणलेल्या मेणबत्त्या होत्या. त्यांतली एक तिने काढली, आणि वाऱ्याने विझू नये म्हणून दोन्ही तळव्यांचा आडोसा धरून ती तेथे बसून राहिली.