सरळ रेघ

वसईहून पहाटेची गाडी पकडून ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत जाणाऱ्या पिढीतले आम्ही एक. १९९४ साली आमच्या रसायन-कारखान्यात यंत्रांच्या नियंत्रणासाठी संगणक आला आणि उपकरण विभागातील अभियंता या नात्याने तो बसवण्याची जबाबदारी आमच्यावर पडली.

कल्पना तशी जुनीच. अमेरिकेत मोटारींची मॉडेल्स बदलली, की जनरल मोटर्सच्या कारखान्यात रिलेंच्या कपाटांतील तारा पुन्हा जोडाव्या लागत. १९६८ साली डिक मॉर्ले यांनी प्रोग्रॅम बदलता येणाऱ्या नियंत्रकाची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी ‘मोडिकॉन ०८४’ तयार झाला.

आमच्याकडे तोवर टाक्यांतील पातळीची, तापमानाची, दाबाची खबर हवेच्या नळ्यांतून येई. त्याजागी ४ ते २० मिलिअँपिअरचा विद्युतप्रवाह आला. सुरुवात शून्यापासून न करता ४ पासून का? टाकी रिकामी असली तरी प्रवाह ४ असतो. तो शून्यावर गेला तर तार तुटली, हे संगणकास तत्काळ कळते. ही युक्ती आम्ही ज्याला त्याला अभिमानाने समजावून सांगत असू.

आता प्रत्येक पाळीत माणसे कमी लागणार होती. कोण नको, याची यादी आम्हीच केली. तिच्यात पहिले नाव मामांचे होते. सारा कारखाना त्यांना मामाच म्हणे. सातवी शिकलेले, २२ वर्षे त्याच टाक्यांपाशी वावरलेले.

एका रात्रपाळीला आम्ही पडद्यासमोर बसलो होतो. एका टाकीची पातळी ५८ टक्के दिसत होती. राखायची होती ६०. मामा मागून म्हणाले, “साहेब, ही रेघ बघा. पाणी कधी इतके स्थिर बसते का?” आम्ही हसलो. संगणक नीट सांभाळतो म्हणूनच रेघ सरळ आहे, असे उत्तर दिले. काही न बोलता मामा बॅटरी घेऊन खाली गेले.

मापकाकडे जाणारी बारीक नळी गाळाने चोंदली होती. तार तुटली नव्हती, म्हणून संगणकाला शंका नव्हती. दोन टक्के कमी आहेत असे समजून तो आवक व्हॉल्व्ह हळूहळू उघडतच होता. धोक्याची घंटाही त्याच मापावर विसंबलेली, म्हणून मुकी. टाकीच्या बाजूच्या काचेच्या नळीत मात्र गरम द्राव काठोकाठ आला होता. खाली तीन कंत्राटी कामगार गाळ उपसत होते. मामांनी हाताने व्हॉल्व्ह बंद केला.

पुढे २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेत टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात मनोरा भरत चालला असताना मापक मात्र पातळी उतरत असल्याचे दाखवीत होता. स्फोटात १५ माणसे दगावली. ती हकीकत वाचताना आमच्या डोळ्यांपुढे तीच सरळ रेघ उभी राहिली.

आमच्या टाकीवर पुढच्या आठवड्यात स्वतंत्र फ्लोट स्विच बसला. मामांचे नाव यादीतून काढावे, असे आम्ही वरिष्ठांना विनवले. पण यादी मंजूर झाली होती. महिनाअखेर मामा निघाले. फाटकापाशी प्रथमच त्यांनी आम्हांला साहेब म्हटले नाही. “बाळा, पडदा बघ, पण अधूनमधून खालीही जात जा.”

नोकरीत होतो तोवर प्रत्येक पाळीत एकदा आम्ही बॅटरी घेऊन खाली उतरत राहिलो. त्या यादीखालची आमची सही मात्र त्याने पुसली गेली नाही.