गॅप

आमच्याकडं पाठ-कंबर दुखली की निदान ठरलेलं असतं: मणक्यात गॅप. सांगणाऱ्याला बरं वाटतं, ऐकणाऱ्यालाही. कपिलधारच्या वाटेवर माझं मेडिकलचं दुकान आहे, त्यामुळं हा शब्द मी दिवसातून दहा वेळा ऐकतो आणि पाच वेळा स्वतः वापरतो. दसऱ्याच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागतात, तेव्हा सामानाच्या पिशवीत ‘कंबरेची गोळी’ असतेच. ती मी चिठ्ठी न मागता देत आलो.

२०२३च्या मे महिन्यात माझीच पाठ धरली. खोकी उचलताना लचक भरली, असं मीच ठरवलं. पण लचक आठ-पंधरा दिवसांत सुटते. ही काही सुटेना. दिवसा काउंटरवर उभं असताना एकवेळ चालायचं, रात्री आडवं झालं की ठणका. संध्याकाळी कणकण यायची. पट्ट्याला दोन नवीन भोकं पाडली. बायको म्हणाली, “अहो, उशी रोज ओली होतीय घामानं.” मी म्हणालो, उकाडा आहे.

मग मी माझ्याच कपाटातून माझा इलाज सुरू केला. आधी वेदनाशामक गोळी, मग तिच्याबरोबर ॲसिडिटीची. तापासाठी लिव्होफ्लॉक्सासिनचा कोर्स, तोही दोनदा. शेवटी थोडं स्टेरॉइड. स्टेरॉइडनं तर कमाल केली, आठवडाभर मी तरुण झालो. नंतर डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकून घाम फुटला. लिव्होफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूंवरही थोडं चालतं. त्यानं रोग जात नाही, नुसता दबतो आणि तपासणीत सापडायला अवघड होतो. स्टेरॉइड तर शरीराची प्रतिकारशक्तीच खाली बसवतं. म्हणजे चोराला मी आधी लपवलं आणि मग राखणदारालाही झोपवलं. दुसऱ्या कुणी चिठ्ठीशिवाय हे मागितलं असतं, तर मी निदान का-कू तरी केली असती.

खालच्या कप्प्यातली बाटली काढायला मी वाकत नव्हतो. पाठ ताठ ठेवून, एका हातानं काउंटर धरून, गुडघ्यांवर बसायचो. याची मला जाणीवही नव्हती.

त्या वर्षी कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेला गेलो. आमच्या घरात ती चुकत नाही. उताराला गर्दी होती, दिंड्यांचे टाळ वाजत होते. मागून एक बाई ओरडली, “ओ दादा, तुमची चप्पल राहिली की मागं!” खाली बघितलं तर उजवा पाय अनवाणी. वीसेक पावलं मी तसाच चाललो होतो, खडीवरून. चप्पल निसटलेली कळली नव्हती आणि खडीही टोचली नव्हती. तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

बीडला डॉक्टरांनी आधी खिशातलं पेन खाली टाकलं आणि म्हणाले, उचला. मी नेहमीसारखा ताठ पाठीनं बसलो. ते नुसते मान हलवत राहिले. मग एमआरआय झाला. पाठीचा नववा आणि दहावा मणका शेजारच्या कडांनी कुरतडलेला, आत-बाहेर पू आणि मज्जारज्जूवर त्याचा दाब. जी ‘गॅप’ मी जगाला वाटत होतो, ती दोन मणक्यांमधली जागाच उरली नव्हती. सुईनं काढलेल्या नमुन्यात क्षयाचे जंतू निघाले.

“मला तर खोकलाच नाही,” मी म्हणालो. हे वाक्य मेडिकलवाल्यानं बोलावं याची आजही लाज वाटते. जंतू बहुधा फुप्फुसातून शिरतो आणि रक्तातून मणक्यात जाऊन बसतो. लगतच्या दोन मणक्यांना एकाच धमनीच्या फांद्या रक्त पुरवतात, म्हणून बहुतेक वेळा जोडीनं नासतात. साध्या पू करणाऱ्या जंतूंचा संसर्ग झाला तर माणूस काही दिवसांत तापानं फणफणतो. त्याला साधारण सहा आठवडे अँटिबायोटिक लागतं. क्षय मात्र महिनोन्‌महिने सावकाश पोखरतो, त्याच्या गळवाला धड ऊबही नसते. पायांतली ताकद झपाट्यानं गेली किंवा लघवी अडली तर ऑपरेशन थांबवता येत नाही. माझं त्यावाचून निभावलं: पाठीला पट्टा, पडून राहणं आणि गोळ्या. दोन महिने चार औषधं, पुढं दहा महिने तीन. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली. ती रिफाम्पिसिनमुळं होते हे शेकडो गिऱ्हाइकांना मीच सांगितलंय, तरी दचकलो.

गावात मी गॅपच सांगत राहिलो. टीबी म्हटलं तर दुकानात कोण येईल? फुप्फुसात काही नसेल तर मणक्याचा क्षय असा सहसा पसरत नाही, पण मला कुणाला समजावण्यापेक्षा खोटं बोलणं सोपं वाटलं.

पाचव्या महिन्यात पाय सुधारले. गोळ्यांनी मळमळ व्हायची, म्हणून अकरा दिवस खाल्ल्याच नाहीत. आशाताईंनी पाकिटं मोजली. “भाऊ, तुम्हीच मेडिकलवाले ना?” एवढंच म्हणाल्या आणि समोर उभं राहून चार घोट पाण्याबरोबर गोळ्या गिळायला लावल्या. मधेच सोडलं तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. हे ज्ञान माझ्याकडं छापील होतं, दुकानातल्या भिंतीवर.

यात्रेच्या महिनाभर आधी, म्हणजे माझीही पाठ ठणकत होती तेव्हा, एक ऊसतोड बाई तीनदा येऊन गेली होती. “रातीला लई दुखतंय ओ, दिवसा कामात कळत नाही.” मी सहा पाकिटं दिली. म्हणालो, गॅप असंल.

पुढच्या दसऱ्याला ती आली नाही. उधारीच्या वहीत तिचं नाव नाही, ‘पाटोद्याकडची बाई, ६०’ एवढंच आहे. ओळखीच्या दोन मुकादमांना विचारलं: पाटोद्याकडची, कंबर दुखणारी. ते हसायला लागले. अशा बाया गाडीभर आहेत, म्हणाले.