हप्ते फिटेपर्यंत

फोन लॉक आहे म्हटलं की आपल्याला पॅटर्न किंवा फिंगरप्रिंट आठवतो. कॅरिअर लॉक वेगळा. त्याची किल्ली फोन वापरणाऱ्याकडे नसतेच.

आपण फोन एका दुकानातून घेतो आणि सिम दुसऱ्या, त्यामुळे ही भानगड फारशी ठाऊक नसते. अमेरिकेत कंपन्या फोन हप्त्यावर देतात आणि गिऱ्हाईक पळू नये म्हणून आपल्याच नेटवर्कला बांधून ठेवतात. २००७ चा पहिला आयफोन तिथे फक्त एटी अँड टीवर चालायचा. त्याच ऑगस्टमध्ये जॉर्ज हॉट्झ या १७ वर्षांच्या पोराने तो लॉक तोडला.

आतली गोष्ट साधी आहे. सिममध्ये एक क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात (भारताचे ४०४ किंवा ४०५), पुढचे नेटवर्क. फोन ते ताडून पाहतो. जुळले नाहीत तर सिम नाकारतो. मी ऑफिसात रोज लिहितो तसला एक 'इफ'.

दादाने न्यू जर्सीहून आईसाठी स्वतःचा फोन पाठवला, तेव्हा हा 'इफ' आमच्या घरात आला. आईचं सिम चालेना. दादाला विचारलं तर म्हणाला, सात हप्ते बाकी आहेत, ते फिटल्याशिवाय कंपनी अनलॉक करणार नाही. मग थोडं थांबून, "जॉब गेलाय. आईला सांगू नकोस." मी भरतो म्हटलं, तर चिडला. "फोन मी दिलाय ना तिला?"

आई बाजारात जुना बटणांचा फोन नेते. दादाचा फोन घरच्या वायफायवर असतो, फक्त दादाला व्हिडिओ कॉल करायला. "दुकानात दे की उघडून आणायला," ती म्हणते. मी बघतो म्हणतो.

२६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेला फोन कंपनीला न विचारता अनलॉक करणं अमेरिकेत बेकायदा ठरलं होतं. लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या आणि ऑगस्ट २०१४ मध्ये नव्या कायद्याने ती बंदी उठली. पण हप्ते बाकी असताना कंपनीने लॉक काढलाच पाहिजे, असं तो कायदा म्हणत नाही. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकायलाच मनाई केली.

तुमच्यासाठी तिकडून कुणी आयफोन आणत असेल, तर आधी सेटिंग्ज, जनरल, अबाउटमध्ये कॅरिअर लॉक बघायला सांगा. हप्ते बाकी आहेत का, तेही विचारा. आणि समोरचा उत्तर द्यायला जरा थांबला, तर फोनचा विषय बाजूला ठेवून आधी त्याची चौकशी करा.