परक्याच्या उंबऱ्यावर

मॉर्मन मिशनऱ्याचा आठवडा बहुतेक ठिकाणी सोमवारी, धुण्यापासून सुरू होतो. पांढरे शर्ट धुवायचे, वाळले की इस्त्री करायचे, आठवड्याचा किराणा भरायचा, जोडीदाराचे केस आपण कापायचे, आपले त्याच्याकडून कापून घ्यायचे, खोली झाडायची आणि घरच्यांशी बोलायचं. 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच असे, नाताळला आणि मातृदिनाला. एरवी आठवड्याचं पत्र किंवा ईमेल. आता दर आठवड्याला आईचा चेहरा फोनवर दिसतो. संध्याकाळ झाली की ही मोकळीक संपते. टाय बांधला जातो, खिशावर नावाची काळी पट्टी लागते आणि अठरा-एकोणीस वर्षांची दोन पोरं परक्या गावात परक्याचं दार वाजवायला निघतात.

आमच्या शेवगावात मी त्यांना कधी पाहिलं नाही. भेटली ती टेक्ससमध्ये, डॅलसच्या एका उपनगरात, आम्ही दोघं मुलाकडे राहायला गेलो होतो तेव्हा. आपल्याकडच्या वैशाखाची आठवण यावी असं ऊन होतं. दोघं सायकली हातात धरून दारात उभे. शर्ट पाठीला चिकटलेले, कपाळावर शिरस्त्राणाचे वळ. आमच्या हिनं त्यांचा धर्म विचारला नाही की काम विचारलं नाही. "आत या रे बाळांनो, आधी पाणी प्या," असं मराठीतच म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं. मुलानं समजावलं, हे लोक चहा घेत नाहीत, कॉफीही नाही, दारू-तंबाखूचा तर प्रश्नच नाही. चहा न घेणारा पाहुणा म्हणजे आमच्या घरात मोठी पंचाईत. मग लिंबाचं सरबत झालं. पोरांनी पेले रिकामे केले आणि तोंड पुसून विचारलं, घरात काही काम आहे का? गॅरेजमधलं जड कपाट हलवायचं राहिलं होतं. ते त्यांनी हलवून दिलं आणि मगच आपल्या ग्रंथाचा विषय काढला.

मी त्यांना स्वच्छ सांगितलं की मी वारकऱ्याच्या घरातला आहे, गळ्यातली माळ उतरवणार नाही. तुम्ही बसा, बोला, पण ती आशा ठेवू नका. दोघांतल्या मोठ्यानं मान डोलावली. धाकट्यानं विचारलं, "मग तुम्ही रोज काय म्हणता?" मी हरिपाठाविषयी सांगितलं. तो खरोखर ऐकत होता. मुलांना शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. ऐकणारा आणि ऐकल्याचं दाखवणारा यांतला फरक मला कळतो.

नंतरही ते काही वेळा आले. उरलेल्या आठवड्याची हकिगत त्यांच्याकडूनच कळली. साडेसहाला उठायचं, व्यायाम, न्याहारी, मग ग्रंथाचा अभ्यास, आधी एकट्यानं, नंतर जोडीनं. परभाषिकांत काम असेल तर त्या भाषेचा वेगळा तास. धाकटा आयडाहोच्या शेतकरी घरातला, आणि मेक्सिकोहून आलेल्या मजुरांच्या वस्तीत जाण्यासाठी स्पॅनिश शिकत होता. मग दिवसभर रस्ता. कुणाचं गवत कापून दे, कुणाचं सामान हलव, कुणी बोलावलंच तर बसून बोल. रात्री परत, उद्याची आखणी, साडेदहाला अंथरूण. रविवारी उपासना. महिन्यातल्या एका रविवारी दोन वेळा जेवायचं नाही आणि वाचलेले पैसे गरिबांच्या मदतीला द्यायचे. आपल्या एकादशीला ही दुसरी अट कुणी घातली असती तर किती घरांत चूल पेटली असती, असं तेव्हा मनात आलं.

या कामाचा पगार नाही. उलट खर्चाची ठरावीक रक्कम घरच्यांनी किंवा स्वतः साठवून दरमहा भरायची. मुलांची मुदत दोन वर्षं, मुलींची दीड. गाव आपण निवडायचं नाही, सॉल्ट लेक सिटीहून बोलावणं येईल तिकडे जायचं. जोडीदारही निवडायचा नाही. तो चोवीस तास नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा आणि काही आठवड्यांनी तोही बदलतो. मला वाटलं होतं, तोंडावर आपटलेली दारं त्यांना सगळ्यांत जड जात असतील. धाकटा म्हणाला, दारांची सवय होते. जड जातो तो जोडीदार. त्याचं घोरणं, त्याचं रुसणं, त्याची घाई. ज्याच्याशी घरी असताना दोन शब्द बोललो नसतो, त्याच्यावर प्रेम करायला इथे शिकावं लागतं.

हे ऐकून कौतुक वाटलं, तशी अस्वस्थताही आली. ती लपवत नाही. तुमच्या आजवरच्या देवधर्मात काही कमी आहे, हे कुणाच्या घरात बसून त्यालाच सांगायचं, ही गोष्ट मला पटत नाही. ज्याची पोटाची भ्रांत मिटलेली नाही, त्याला तर हे सांगणं अधिकच जोखमीचं, कारण तो होकार देतो तो भाकरीला की देवाला, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. धर्म बदलायचा हक्क प्रत्येकाचा आहे आणि तो राहिलाच पाहिजे. पण दुसऱ्याचा धर्म बदलावा म्हणून हिशेब ठेवून हिंडणं माझ्या वारकरी मनाला मानवत नाही. तरीही त्या पोरांचा आठवडा मनातून जाईना. मग मी आपल्याच मुलखाकडे नव्यानं पाहू लागलो.

मॉर्मन पंथाचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. न्यूयॉर्क राज्यात 1830 मध्ये जोसेफ स्मिथनं तो स्थापला, आणि नंतर पाव शतकही उलटलं नव्हतं तेव्हा त्याचा माणूस पुण्यात पोहोचला होता. ह्यू फिंडले हा ब्रिटनमधला मिशनरी 1852 मध्ये मुंबईत उतरला, तिथून पुण्याला गेला. पुढे त्याचा भाऊ ॲलनही आला. लष्करी छावणीच्या अधिकाऱ्यांनी त्यांना छावणीत प्रचार करू दिला नाही. मुंबईतल्या इंग्रजी वर्तमानपत्रांशी वाद झडले. 1855 मध्ये फिंडलेनं मराठ्यांना उद्देशून एक छोटं पुस्तक मुंबईत छापलं आणि त्याच वर्षी देश सोडला. मोजके अनुयायी मिळाले, तेही बहुतेक युरोपीय वस्तीतले. मराठी घराचं दार त्याला उघडलंच नाही म्हटलं तरी चालेल.

आमच्या नगर जिल्ह्यात जे झालं ते वेगळं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 च्या डिसेंबरात नगरला आले. त्यांतला एक, हर्वे, पुढच्याच उन्हाळ्यात कॉलऱ्यानं गेला. पण मागचे टिकले. 1835 मध्ये बॅलंटाइन भारतात आले, मराठी शिकले, मराठीत गाणी रचू लागले. शेजारच्या नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला 1857 पासून सॅम्युएल फेअरबँक राहिले. या माणसांना काही वर्षांत एक गोष्ट उमगली, की या मुलखात व्याख्यान ऐकायला कुणी थांबत नाही, कीर्तनाला मात्र लोक रात्रभर बसतात. मग 1860 च्या दशकात नगरला ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. कृष्णराव सांगळे टाळ-मृदंगाच्या साथीनं येशूचं आख्यान लावू लागले. शिकवायला आलेल्यांना आधी श्रोत्यांकडून शिकावं लागलं, आणि ते शिकले, याचा मला आदर वाटतो.

पण खरी गोष्ट कीर्तनाच्याही पलीकडची आहे. हे लोक कुणाच्या दारात गेले? ज्या काळात वेशीच्या आत राहणारा माणूस महारवाड्यात, मांगवाड्यात पाय ठेवत नव्हता, ओढ्याच्या काठानं वळसा घालून जात होता, त्या काळात सातासमुद्रापलीकडचा माणूस तिथे जाऊन बसला. पाटी-पेन्सिल दिली, आजाऱ्याची नाडी पाहिली, नावानं हाक मारली. पुष्कळांनी धर्म बदलला, त्याबद्दल गावानं बोल लावला. बोल लावणाऱ्यांना एकच प्रश्न विचारावा वाटतो: तुम्ही त्या दारात कितीदा गेला होता?

हे दार आपल्याला कुणी दाखवलं नव्हतं असंही नाही. शेवगावाहून पैठण फार दूर नाही. तेराव्या शतकात याच गोदाकाठी फिरणाऱ्या चक्रधरांनी आपल्या भिक्षुकांना चारही वर्णांच्या घरची भिक्षा घ्यायला सांगितलं होतं. सोळाव्या शतकात पैठणच्या नाथांनी वाळवंटात तापलेल्या वाळूत रडणारं महाराचं पोर कडेवर घेतलं, राणू महाराच्या घरी जेवण केलं, अशा आख्यायिका आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. नाथांची पालखी आजही पैठणहून पंढरीला जाताना आमच्याच तालुक्यातून जाते. आम्ही दर्शन घेतो, पिठलं-भाकरीच्या पंगती वाढतो. नाथ ज्या घरी जेवले तिकडची वाट मात्र पालखीबरोबर चालत आली नाही.

आणि मिशनऱ्याच्या वहीतला हिशेब किती अपुरा असतो, हेही नगरनंच दाखवलं. मिस सिंथिया फॅरार नगरला मुलींची शाळा चालवत होत्या. जोतीराव फुल्यांनी ती पाहिली आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या शिक्षकी प्रशिक्षणाशीही फॅरारबाईंचं नाव जोडलं जातं. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. म्हणजे मिशनच्या जमाखर्चात त्यांची ती भेट शून्यच म्हणावी लागेल. मराठी स्त्रियांच्या वाट्याला त्यातून काय आलं, ते मात्र कुठल्याच वहीत मावत नाही. तसंच नारायण वामन टिळकांचं. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला. दोघे आपापल्या वाटेनं गेले. 1895 च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला, नगरला येऊन राहिले, शिकवलं, लिहिलं. पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त हे सगळं घर जिवंत झालं. शेवटी 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरीही सोडली आणि संन्याशाच्या वृत्तीनं 'देवाचा दरबार' मांडला. ज्याच्यामुळे हे सुरू झालं त्या प्रवाशाचं नाव टिळकांना कधी कळलं नाही.

म्हणून मला त्या दोन पोरांच्या आठवड्यातलं वेगळं काढून घ्यावंसं वाटतं. त्यांचा सिद्धान्त नको, त्यांचा हिशेब नको. घर सोडून जाणं हवं. न निवडलेल्या माणसाबरोबर राहणं, दुसऱ्याची भाषा शिकणं, नकार ऐकून चेहरा न बदलणं आणि सांगण्याआधी कपाट हलवून देणं हवं. अठराव्या वर्षी आमची पोरं काय करतात? हुशार ती लातूर-पुण्याला 'नीट'च्या क्लासला खोली घेऊन राहतात. अंगानं दणकट ती पहाटे पोलीस भरतीसाठी धावतात. दोन्हींत कष्ट आहेत, आईबापांचा पैसा आहे. पण परक्या माणसाच्या उंबऱ्यावर उभं राहायची वेळ त्या वयात कुणावर येतच नाही, आणि पुढे अधिकारी होऊन खुर्चीत बसल्यावर परका माणूसच येऊन यांच्या दारात उभा राहतो.

परकी दारं शोधायला टेक्ससला जावं लागत नाही. दिवाळी झाली की बोधेगावच्या केदारेश्वर कारखान्याला, बाभूळगावच्या गंगामाईला उसाचं गाळप सुरू होतं आणि माळावर बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. बांबूच्या कामट्या वाकवून त्यावर पाचटाची झाप, वर प्लॅस्टिकचा कागद, आत एक पेटी, दोन गोधड्या, तीन दगडांची चूल. दाराच्या जागी एक फाटकं लुगडं. त्याला कडी नाही, वाजवायचं म्हटलं तरी वाजवणार काय? पहाटे तीनला बाई उठते, भाकरी थापून धडप्यात बांधते, झोपलेलं पोर उचलून गाडीत घालते आणि नवऱ्याबरोबर फडावर जाते. तो कोयता चालवतो, ती मोळ्या बांधते. शाळेच्या वयाची पोरगी मागे धाकट्याला सांभाळते. चार-पाच महिने ही माणसं आमच्या तालुक्यात राहतात. आम्ही त्यांना रस्त्यावरच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर म्हणून ओळखतो, कारण वाहतूक अडते. त्यांतल्या एकाही घराचं नाव गावाला माहीत नसतं.

महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. बहुतेक ठिकाणी त्यात रस्ता झाडतात, झाडं लावतात, संध्याकाळी पाहुण्यांचं भाषण होतं. हेच सात दिवस हंगामात कोप्यांवर का काढू नयेत? दोघादोघांची जोडी असावी, आणि ती शिक्षकांनी लावावी, मित्रामित्रांनी नव्हे. एका जोडीनं आठवडाभर त्याच चार-पाच कोप्यांवर जावं. पोरांना अक्षरं शिकवावीत, बाईला पाण्याचे हंडे आणून द्यावेत, मुकादमाच्या उचलीचा हिशेब वाचून दाखवावा. कुणी "नको" म्हटलं तर राग न धरता दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं. उपदेश करू नये, फोटो काढू नयेत. बीडकडची बोली कानावर पडू द्यावी. ऊसतोडीच्या गाण्यांतलं एखादं त्यांच्याकडूनच शिकावं.

एका आठवड्यानं कुणाचं दारिद्र्य हटणार नाही, हे मलाही कळतं. उपयोग जाणाऱ्यालाच जास्त होईल. त्या आयडाहोच्या पोरानं दोन वर्षांत किती माणसं आपल्या पंथात आणली असतील, कुणास ठाऊक. पण मेक्सिकन मजुराची भाषा त्याला आता येते, त्याच्या घरात तो जेवला आहे, आणि पुढे तो शेतकरी होवो की आमदार, मजुराविषयी कुणी वावगं बोललं तर त्याला त्या घरातली माणसं आठवतील. अशी आठवण असलेली शे-दोनशे पोरं दरवर्षी शेवगावातून तयार झाली, तर त्यांतूनच उद्याचा तलाठी, फौजदार, कारखान्याचा संचालक निघेल आणि कोपीतली बाई त्याच्या कचेरीत आली, तर तिला उभं ठेवण्याआधी तो स्वतः उठून उभा राहील. आईबापांनी क्लासच्या दोन वर्षांतून हे सात दिवस मोकळे करावेत, आणि प्राचार्यांनी येत्या गाळपाच्या हंगामात शिबिराची जागा बदलावी, एवढंच माझं मागणं आहे.