माहेरचे आडनाव

माणसाच्या नावात तीन आडनावे असावीत आणि नाव म्हणून एकही नसावे, असा प्रकार तुम्ही कधी ऐकला आहे? पर्सी बिश शेली हा इंग्रज कवी असा माणूस. ‘पर्सी’ हे नॉर्थंबरलंडच्या उमराव घराण्याचे आडनाव. ‘शेली’ तर बोलूनचालून आडनावच. राहिला मधला, जिभेवर नीट न बसणारा ‘बिश’. इंग्लंडातही विरळाच असलेले हे आडनाव या घरात आले ते एका मुलीच्या पावलांनी.

ससेक्स परगण्यातल्या फेन प्लेस येथील रॉजर बिशची मुलगी हेलन ही शेलींच्या घरात सून म्हणून आली. रीतीप्रमाणे तिचे आडनाव मागे राहिले. पण १७३१ साली अमेरिकेत, न्यूअर्क गावी तिच्या नातवाचा जन्म झाला आणि त्याचे नावच ‘बिश’ ठेवण्यात आले. हा बिश म्हणजे कवीचा आजोबा. १७९२ साली जन्मलेल्या कवीला ते नाव आजोबांकडून मिळाले आणि घरची माणसे त्याला ‘बिश’ अशीच हाक मारीत. १८२२ साली तो इटलीच्या समुद्रात बुडाला, तेव्हा तिशीही उलटली नव्हती. खापरपणजीचे माहेर मात्र त्याच्या नावातून तरून गेले!

पुढे ‘शेली’ हेही पहिले नाव झाले. शेली विंटर्स या अमेरिकन नटीचे जन्मनाव शर्ली. तिने कवीवरून ‘शेली’ घेतले आणि आडनाव घेतले ते आईच्या माहेरचे.

हे वाचले की मला आमच्या घरातला एक पितळी तांब्या आठवतो. माझ्या आईच्या वडिलांना तीन मुलीच. आईच्या लग्नात त्यांनी दिलेल्या या तांब्यावर तिचे माहेरचे नाव कोरलेले आहे. सासरी तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले गेले आणि आई आडनावासकट बदलली. तांब्यावरची अक्षरे तेवढी तशीच राहिली. तीही आता चिंचेने घासून घासून पुसट झाली आहेत.

तुम्ही म्हणाल, मग ठेवा ना नातवाचे नाव आजोळच्या आडनावावरून! छे हो! बारशाला जमलेल्या बायका घुगऱ्या चावायचे विसरून हसत सुटतील. आपल्याकडे मुलाला वडिलांचे नाव लागते, आजोबांचेही ठेवतात. पण आईचे माहेर मावेल अशी जागाच आपल्या नावात नाही.

तरी परवा मी तांबट आळीत जाऊन आलो. पुसट झालेली ती ओळ पुन्हा खोल कोरून घेतली. तिच्याखाली आईचे सासरचे नाव आणि त्याखाली माझ्या नातीचे. कारागिराने विचारले, “साहेब, एका तांब्यावर तीन बायकांची नावे?”

मी म्हटले, “तीन कसली? दोनच. वरची दोन एकीचीच आहेत.”