वाढ कशाची?

बाबांचं रेडिएशन संपून महिना झाला होता. एमआरआयचा रिपोर्ट घेऊन पालघरहून सातपाटीला येताना मी तो रिक्षातच उघडला. गाठीचा आकार वाढला आहे, एवढंच डोळ्यांत भरलं. मेंदूतला हा कर्करोग, ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे काय हे तोवर कळून चुकलं होतं. ऑपरेशन झालं, सहा आठवडे रेडिएशन झालं, सोबत रोज टेमोझोलोमाइडची गोळी. एवढं सोसूनही वाढ? घरी कुणाला काही सांगितलं नाही.

परळला टाटात डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि जुन्या सगळ्या सीडी मागितल्या. गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं की गाठीचा भाग पांढरा उजळतो. त्यांनी त्याच्या सर्वांत लांब भागावर एक रेघ ओढली, तिला काटकोनात दुसरी. ऑपरेशननंतर 2.5 गुणिले 2 सेंटिमीटर, आता 3.2 गुणिले 2.5. गुणाकार पाचाचा आठ झाला होता. पंचवीस टक्के वाढ झाली की आजार बळावला असं धरतात. इथे तर साठ टक्के होती.

तरी ते म्हणाले, "याला मी आज वाढ म्हणणार नाही."

रेडिएशननं मेंदूतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, गॅडोलिनियम त्यांतून झिरपतं आणि मेलेला, सुजलेला भागही गाठीसारखाच उजळतो. 2005 नंतर रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड द्यायचा प्रघात पडला, तसे हे फसवे फुगवटे जास्त दिसू लागले. 1990 पासून चालत आलेले मोजणीचे नियम त्यापुढे अपुरे पडले. म्हणून 2010 मध्ये रानो नावाचे नवे निकष आले. रेडिएशननंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत, रेडिएशन दिलेल्या जागेतच उजळ भाग वाढला, तर तेवढ्यावरून उपचार फसले असं ठरवायचं नाही. उलटही घडतं. स्टेरॉइड वाढवलं की सूज उतरते आणि चित्र उगाचच चांगलं दिसतं. म्हणून डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा डोस, बाबांचं चालणं-बोलणं, सगळं त्यांनी विचारून लिहून घेतलं. पर्फ्युजनच्या चित्रात त्या भागाचा रक्तपुरवठा कमीच दिसत होता. जिवंत गाठीला रक्त भरपूर लागतं.

हे मी बाबांना कसं सांगावं याच विचारात होते, पण ते शेजारी बसून सगळं ऐकत होते. जन्मभर तांडेल म्हणून होडी चालवलेला माणूस. आमची खाडी गाळानं भरलेली, भरती बघूनच होडी आत घ्यावी लागते. ते म्हणाले, "वेळ सांगितल्याशिवाय पाणी किती ते कोण सांगेल? ओहोटीला मोजलंस तर खाडी आटली म्हणशील."

डॉक्टर हसले. यापुढची तुलना या एमआरआयशी करायची, शक्यतो त्याच मशीनवर, असं त्यांनी फाइलवर लिहिलं. गोळ्या चालू ठेवल्या. त्या दिवशी निव्वळ रिपोर्ट वाचून औषध बदललं असतं तर लागू पडत असलेलं औषधच आम्ही सोडून दिलं असतं, या विचारानं आजही पोटात गोळा येतो. गावातलं कुणी असा रिपोर्ट घेऊन आलं की मी आधी रेडिएशन कधी संपलं ते विचारते, आणि जुन्या सीडी शोधायला लावते.

पुढच्या एमआरआयला दोन महिने थांबावं लागलं. ते फार जड गेले. या वेळी रेघा आल्या 2.6 आणि 2. आठाचा गुणाकार 5.2 वर उतरला होता, आणि स्टेरॉइडही तोवर निम्म्यावर आलं होतं. मला वाटलं, आता 'कमी झाली' असं लिहितील. पण नियमानं पन्नास टक्के घट लागते, आणि तीही निदान चार आठवडे टिकावी लागते. डॉक्टरांनी लिहिलं, 'स्थिर'. बाबांनी तो शब्द मला दोनदा वाचायला लावला आणि डहाणू लोकल किती वाजता आहे ते विचारलं.